पोटात काय होतं

तळलेलं खोबरं, वर शेंगदाण्याचं लोणी:
हे घरात वावरणाऱ्यांसाठी.
जिवंत गांडूळ, दोऱ्याला बांधून:
हे त्या दुसऱ्यांसाठी.
फेलिसाबाई सापळे लावून झाल्यावर
हात माझ्या नाकाशी धरतात.
"भुकेवरून ओळखायचं. रंगाचं काही खरं नाही."

हुंगदुआनच्या डोंगरात, भाताच्या पायऱ्यांवर
पहाटे इतकं धुकं
की सापळा जड आहे की हलका
ते आधी मनगटाला कळतं.

पहिल्यात चिचुंद्री. उघडायचीही गरज नाही, वास पुरे.
"ही उंदीरसुद्धा नव्हे. गलबतातून आली,
चिरचिरत उतरली, राहिली."
दुसऱ्यात मोठ्या कानांचा,
चेहऱ्यावर भाडं न भरणाऱ्याचा निवांतपणा.
मी लिहिते: बाहेरचा. मादी. गाभण.
तिसऱ्याच्या शेपटीचं टोक पांढरं,
रंगवणाऱ्याला मधेच कुणी हाक मारली असावी.
रानातला. मी लिहिते: इथला.

चौथ्यापाशी त्या उकिडव्या बसतात.
पाठीवर फिकट पट्टा,
चुन्याचं बोट डोक्यापासून ओढत नेल्यासारखा.
नाकाला ओली माती.

असाच एक त्यांच्या रामिलनं फावड्यानं मारला होता,
बांध खचला त्या वर्षी.
भात खातो मेला, म्हणाला.
फेलिसाबाईंनी रागारागानं त्याचं पोट चिरलं,
दाणे मोजून दाखवायला.

दाणा नव्हता.
गांडुळं होती, करंगळीएवढी जाड, अर्धी पचलेली,
तीच, जी बांध आतून पोखरतात.
आणि गोगलगायीच्या शंखाचा चुरा,
ती गोगलगाय, जी कुणा साहेबानं
खायला चांगली म्हणून आणून सोडली
आणि जी आता रोपं खाते.

"मग रामिल काय म्हणाला?"
"फावडं धुतलं त्यानं."

त्या माझी वही मागतात.
वाचता येत नाही, पण रकाने मोजता येतात:
शेपूट, कान, मागचा पाय, वजन,
इथला, बाहेरचा.
"पोटाचा कुठला?"

नाही, म्हणते मी. पोट बघायला मारावं लागतं.
"हं," म्हणतात,
आणि सापळ्याचं दार वर करतात.

तो लगेच जात नाही.
दोऱ्याला उरलेलं अर्धं गांडूळ
आधी संपवतो.