उरलेला दाब

डिक्रूझ बाईंची गाडी उद्यमबागेत आली
ती टेम्पोवर चढून, ताडपत्री पांघरून.
दोनच सीटा. तारांची चाकं. रंग कधीकाळी हिरवा.
पोरं लेथ बंद करून बघायला जमली;
मी वाकून आधी चाकामागं बघितलं.
चारी बाजूंना ड्रम.
आतलं लायनिंग बोट लावलं की भुगा.

"इंजिनाचं नंतर बघू," बाई म्हणाल्या,
"भरमा, मला आधी थांबता आलं पाहिजे."

पुण्याहून एकजण आला होता, जुन्या गाड्यांतला जाणकार.
म्हणाला, ड्रमच राहू देत, नाहीतर किंमत पडेल.
बाईंनी त्याला चहा पाजला, मग विचारलं,
"चोर्ल्याचा घाट उतरलाय का तुम्ही कधी, हिच्यात बसून?"

त्यांचा भाऊ लेस्ली उतरला होता.
तिसऱ्या वळणाला ड्रम तापले,
पेडल दगडासारखं घट्ट, आणि गाडी आपली चाललेली.
त्यानं ती डोंगराला घासून उभी केली.
त्याला खरचटलंही नाही.
पुढं बेचाळीस वर्षं, उतार आला की
तो रिक्षातून उतरून चालायचा.

डिस्क जिप्सीच्या, भंगारवाल्या दस्तगीरकडच्या.
कॅलिपर नवे, पण भोकं जुळेनात.
बारा एमएमच्या प्लेटीतून ब्रॅकेट कापलं: पहिलं वाया,
दुसरं अर्धा सूत चुकलं,
तिसरं बसलं तर चाकाच्या तारा कॅलिपरला लागू लागल्या,
किर्र, किर्र, रातकिड्यासारख्या.
चार एमएमचा स्पेसर. हबावरनं आणखी एक कट.
"साकु," इरण्णा म्हणाला. लेथ थांबला.

मास्टर सिलिंडर उघडला तर तळाशी
एक झडप, वाटाण्याएवढी.
ड्रमवाल्या गाडीला ती लागतेच:
पाय उचलला तरी नळीत थोडा दाब धरून ठेवते.
डिस्कला ती चालत नाही.
तिथं सोडलं की पूर्ण सोडावं लागतं,
नाहीतर पॅड घासत राहतात दिवसभर,
कुणाच्या लक्षातही न येता,
आणि संध्याकाळी चाकाला हात लावला की चटका.
मी ती काढली. फेकली नाही.
काडेपेटीत घालून ठेवली. का, ते विचारू नका.

रात्री हवा काढायला बसलो.
इरण्णा पेडलवर, मी खाली पाठीवर, निपलला पाना लावून.
"ओत्तु," मी म्हणालो. त्यानं दाबलं.
"हिडी." धरलं.
निपल ढिला केला, पारदर्शक नळीतून बुडबुडे आले, गेले. आवळला.
"बिडु."
परत. वरून तो विचारतोय, "दाबू काय?"
खालून मी, "ओत्तु."
कुणाची भाषा कुणाच्या तोंडात गेली
याकडं लक्ष द्यायला कुणाला वेळ होता?
बुडबुडे मोजत होतो.

नवे पॅड बसायला गाडी तीसेकदा हळूहळू थांबवावी लागते.
जांबोटीच्या रस्त्यानं निघालो. बाई चालवतायत,
मी शेजारी, वहीत रेघा मारत.
पिरनवाडी सोडल्यावर थांबलो. किणयेला दोनदा.
कुसमळीच्या पुलाआधी, नंतर उगाच एका काजूखाली.
दरवेळी कुणीतरी विचारायचं,
"काय ओ, बंद पडली?"
"नाही," बाई सांगायच्या, "थांबून बघतोय."
एक पोरगं तरीही पाण्याचा तांब्या घेऊन आलं.
प्यालो. तहान होतीच.

कणकुंबीच्या पुढं, उतार लागतो तिथं,
एकतिसाव्यांदा.
हे थांबणं वहीत नव्हतं.
इंजिन बंद. तापलेलं लोखंड टिकटिकत निवत होतं.
खाली धुकं. पहिलं वळण दिसत होतं,
तिसरं नाही.

बाईंनी चप्पल काढली,
अनवाणी पाऊल पेडलवर ठेवलं,
दाबलं. उचललं.
पेडल पूर्ण वर आलं.
मी जरा सावरून बसलो
तर खिशात काडेपेटी वाजली.