शेगडी चालू ठेवून

म्यागमार, तुझ्या आईच्या गेरमध्ये
आवाज घुमत नाही, हे आपल्याला फार उशिरा कळलं.
चार बोटं जाड नमदा, भिंतीला कोपराच नाही,
शब्द जाऊन टेकतो आणि तिथेच झोपतो.
खाली शहरात असल्या खोलीचे
तासाला चाळीस हजार तुग्रिक घेतात.
आपल्याला फुकट.
फक्त जानेवारीत उणे चौतीस,
आणि शेगडी विझवली की दहा मिनिटांत
तुझ्या ओठांना ‘प’ म्हणता येत नाही.

न विझवावी तर ती तडतडते.
पहिल्या आठ गाण्यांतली तडतड
आपण रात्र रात्र बसून निवडली, तांदळातले खडे निवडावेत तशी.
तुझी आई भिंतीकडे तोंड करून म्हणायची,
ओरडा रे पोरांनो, मला ऐकू येतंय कुठे,
आणि सकाळी चहात मीठ टाकता टाकता
तुझी तिसरी ओळ जशीच्या तशी म्हणून दाखवायची.
एका अक्षराची चूकही सांगायची.

ठेका मला सापडला, पाण्याच्या चढावर.
वीस-वीस लिटरचे दोन कॅन,
गाडीचं डावं चाक दर फेरीला एकदा अडायचं:
टक्, ओढ, ओढ, टक्.
हातमोजा दातात धरून मी ते फोनवर घेतलं,
बोटं दोन दिवस बधिर.
रविवारी वडिलांनी चाक दुरुस्त केलं.
आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही.

बारमध्ये पहिल्यांदा उभे राहिलो
तेव्हा समोर अकरा जण, त्यांतले तीन वाढपी.
मानधन: बुउझची एक थाळी.
शेवटचा बुउझ ‘तू घे, तू घे’ म्हणत
चरबी गोठेपर्यंत तसाच राहिला.
कंपनीचा एक माणूस जवळ येऊन म्हणाला,
आवाजात दम आहे, पण धूर कशाला आणता मध्ये?
पोरींवर लिहा, गाड्यांवर लिहा.
तू म्हणालास, गाडीवरच आहे की साहेब.
पाण्याच्या.

मार्चमध्ये तुझा कोरियाचा व्हिसा आला.
बादल्यांचा कारखाना, तीन वर्षं.
आईचा गुडघा, बँकेचा हप्ता, तू बोटांवर मोजत होतास
आणि मी मान हलवत होतो, ठेका धरल्यासारखी.
मी काय बोलणार?
माझ्या खिशात नुसती यमकं.

काल तू पाठवलेला आवाज उघडला.
खोलीत सहा जण झोपलेले, तू कपाटात बसून,
तोंडावर पांघरूण घेऊन, कुजबुजत.
स्वच्छ.
इतका स्वच्छ की तुझा वाटेना.
तीनदा ऐकला. मग उठलो,
चढ चढून तुझ्या घरी गेलो,
कोळशाच्या तीन विटा शेगडीत टाकल्या
आणि माइक लावून गप्प बसलो.
चार मिनिटं कोणी काही बोललं नाही.
बाहेर शेजाऱ्यांचं कुत्रं. तेही राहू दिलं.

तुझ्या आवाजाखाली ते सगळं अंथरलं.
दुसऱ्या कडव्यात एक निखारा फुटतो,
जागा चुकते, समेच्या किंचित आधी.
मी हलवला नाही.

भिंतीकडे तोंड असलेली तुझी आई म्हणाली,
अजून एक टाक,
विझायला आलीय.