एकशेएकोणीस

चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात खोली क्रमांक अकरा,
आधी एक्स-रेची होती.
भिंतीत अजून शिशाचा पत्रा आहे,
त्यामुळे मोबाइलला रेंज नाही
आणि आतलं रडणं बाहेर जात नाही.
दोन्ही माझ्या सोयीचं.

योजनेचा कागद दोन पानी.
तीन वर्षं तालुक्याला बसायचं,
महिन्याला एकशेवीस नोंदी दाखवायच्या:
नाव, गाव, आधारचे शेवटचे चार आकडे.
मग त्या महिन्याचा हप्ता सरकार भरतं.
अकरा लाख चाळीस हजार, व्याज वेगळं.
जामीनदाराच्या जागी आईची सही,
मशीनवरून न उठता केलेली, तिरकी.

पहिल्या महिन्यात सत्तावीस जण आले.
त्यातले नऊ दातांचा डॉक्टर शोधत होते.
थकबाकीची पत्रं मात्र वेळेवर यायची,
खाली वसुली अधिकारी र. वा. नेरकर,
सही तीनदा गिरवलेली.
मला वाटायचं, पेन धड नसेल.

मग आशाताई हमीदा तडवी म्हणाली,
इथे बसून कोण येणार, बाई?
तिच्या स्कूटीवर मागे बसून
मंगळवारी लासूर, शुक्रवारी वैजापूर.
कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या केळीच्या बांधावर,
एकदा तर पिठाच्या गिरणीत,
दळण चालू असताना, कारण ती बाई म्हणाली
गिरणी थांबली की मी बोलणार नाही.
लासूरच्या एका म्हातारीने तासभर सगळं सांगितलं,
मग पदराने तोंड पुसून विचारलं,
"गोई देत नई, नुसती आयकस?
याना पगार भेटस का तुले?"
हप्ता भेटस, मी म्हटलं.
ती इतकी हसली
की नोंदवहीत काय लिहावं कळेना.

हे तिसऱ्या वर्षाचं.
मार्चची एकतीस तारीख, बेचाळीस अंश,
वहीत एकशेएकोणीस.
साडेचारला दार लोटून एक गृहस्थ आत आले,
डोळ्यांच्या ओपीडीचा केसपेपर हातात,
कुणी विचारलंच तर असावा म्हणून.
"मी नेरकर," म्हणाले,
आणि उभेच राहिले.

शाखेचं कुलूप.
लावलंय हे माहीत असतं.
तरी रात्री तीनदा, कधी पाचदा उठून जातात,
ओढून बघतात. बायकोला सांगतात,
मोटर बंद केली का ते बघून येतो.
तळहात उघडून दाखवला: घट्टा,
कुदळ कधी न धरलेल्या हाताला.
मी वही पुढे ओढली तसे म्हणाले,
"नोंद नको. कळलं तर चाव्या काढून घेतील."
मग थोड्या वेळाने, पंख्याकडे बघत,
"एकशेवीस लागतात, ठाऊक आहे मला.
तुमच्या फाइलवर माझीच सही आहे."

मी पेनाला टोपण लावलं.
यात मोठेपणा नव्हता. टोपण लावताना
आईची मशीन ऐकू आली, स्पष्ट.

ते गेले तेव्हा पाचला सात मिनिटं कमी.
हमीदा दारात होती, सगळं ओळखून.
"माझं नाव लिहा ना, बाई.
मला तरी कुठे झोप लागते?"
हसत म्हणाली.
मी विचारलं, खरंच लागत नाही?
ती हसतच राहिली,
मग पाण्याची बाटली खाली ठेवली
आणि स्टुलावर बसली.
सांगता सांगता सहा वाजले.
पोर्टल पाचला बंद होतं.

एप्रिलचा हप्ता माझ्या पगारातून गेला.
आईने कारण विचारलं नाही,
मेहनतीच्या नोटा रबरात गुंडाळून
एसटीच्या वाहकाकडे दिल्या,
मी त्याच वाहकाकडे परत पाठवल्या.
दहा तारखेला पत्र आलं,
आधीच्या सगळ्या पत्रांसारखंच:
विलंब, दंड, कृपया नोंद घ्यावी.
दर बुधवारी ते येतात, साडेपाचनंतर,
त्याबद्दल एक शब्द नाही, नसावाच.
पत्र उजेडात धरून पाहिलं.
र. वा. नेरकर.
सही दोनदाच गिरवलेली.