हातात तयार तिकीट

अप्पा तीस वर्षं तिकिटं तपासत फिरले,
भुसावळ ते इटारसी, इटारसी ते भुसावळ,
म्हणून पत्र आधी त्यांच्यापुढं ठेवलं.
मार्च संपत आलेला. कूलरचा वाळा अजून बदललेला नव्हता.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
कागद खिडकीच्या उजेडात धरला,
जणू पंचचं भोक कुठं पडलंय ते बघतायत.

बिश्केक. आंतरराष्ट्रीय शाळा. भूगोल, सहावी ते दहावी.
पगार असा, की मी तो मोठ्यानं वाचला नाही,
बोटानं दाखवला.
राहायला घर, वर्षातून एकदा विमानाचं भाडं,
आणि व्हिसासाठी अठ्ठेचाळीस हजार, आधी भरायचे,
'परत मिळणारे'.

"मुलाखत?"
झाली. अकरा मिनिटं. त्यांचा कॅमेरा बिघडला होता.
"काय इचारलं?"
कधी येऊ शकता, एवढंच.
"आन् पत्र?"
त्याच रात्री. पावणेबाराला.
पत्रात मी 'प्रिय सर' होते, हे सांगितलं नाही.

अप्पा म्हणाले, पाह्य,
कागद पाहून खोटं तिकीट कमीच सापडतं.
माणूस पाहायचा.
खरा प्रवासी शोधतो. या खिशात, त्या खिशात,
बायकोवर खेकसतो, पिशवी उपसतो,
शेवटी कळण्याच्या भाकरीच्या फडक्यातून निघतं तिकीट,
तेल लागलेलं.
खोट्याच्या हातात ते तयार असतं.
मी डब्यात शिरतो न शिरतो, त्याचा हात पुढं.

मला राग आला.
सात वर्षं मी विनाअनुदानित वर्गात उभी आहे,
साडेनऊ हजारांवर, तेही दोन महिने मागून चालणारे.
कुणी शोधाशोध न करता 'तुम्हीच हव्या' म्हणालं
तर त्यात खोट कशाला काढायची?
गळ्यातली साखळी मी मनातल्या मनात
जळगावच्या भावानं तोलूनही ठेवली होती.

सोमवारी आठवी 'ब'ला शाळेचे फोटो दाखवले.
फुशारकीच, दुसरं काय.
निळी बाकं, काचेची प्रयोगशाळा,
वर्गाच्या खिडकीबाहेर समुद्र, एक पांढरं जहाज.
शबनूर तडवी उठली. यावलहून एसटीनं येते,
समुद्र तिनं पाहिलेला नाही.
भिंतीवरच्या नकाशापाशी गेली, बिश्केकवर बोट ठेवलं,
चारी बाजूंनी फिरवलं.
"मॅडम, इथं तर सगळीकडं जमीनच आहे."

कुणी हसलं नाही.
तो नकाशा मी सात वर्षं टांगते, उतरवते,
त्याची फाटलेली कड माझ्याच हातानं शिवलीय.
समुद्रकिनारा नसलेल्या देशांची यादी
मीच पाठ करून घेते, परीक्षेआधी, दोनदा.

रात्री त्यांना लिहिलं:
तुमच्याकडं शिकवून गेलेल्या एका तरी शिक्षकाचं नाव द्या,
मी बोलून घेईन.
पहिल्यांदाच उत्तराला उशीर झाला.
सकाळी आलं: जागा भरत आलीय, आजच पैसे भरा.

जूनमध्ये दुसरं पत्र. दुसरं शहर, पगार निम्म्याच्या आसपास.
हे लोक नुसते विचारतच राहतात.
पोलिसांचा दाखला, पदवीची साक्षांकित प्रत,
भारंबे मॅडमना परस्पर फोन,
मॅडम दिवसभर माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघत होत्या.
एक तास शिकवून दाखवा म्हणाले,
आणि वाऱ्यांवर तीन प्रश्न असे, की दोनांत अडकले.
दीड महिना झाला. होही नाही, नाहीही नाही.
तिथल्या एका बाईंशी मात्र बोलायला मिळालं. त्या म्हणाल्या,
थंडी वाईट, मुलं चांगली, पगार वेळेवर,
मुख्याध्यापक चिडका.

अप्पा भरिताची वांगी निवडत होते.
"चिडका म्हणे?"
हो.
एक वांगं त्यांनी देठाला धरून फिरवलं, बाजूला ठेवलं.
"मंग शोधू राह्यले ते. शोधू दे."

त्या रात्री पासपोर्ट काढायला गेले, तर सापडेना.
कपाट, ट्रंक, गादीखाली, शाळेची जुनी पर्स,
सगळं घर उपसलं.
आतल्या खोलीत अप्पा जागे होते.
काही बोलले नाहीत.