पात्रतेचा रकाना

सोमवार-मंगळवार फैजपूरला कॉलेज,
बुधवार ते शनिवार जळगावला डाळ मिल.
रविवारी केस धुते, तरी
उशीवर तुरीची भुकटी सापडतेच.

बाबांना सांगितलं, या सत्रात
मिलच्या कामाचे चौदा क्रेडिट मिळतील.
सावद्याच्या स्टँडवर आमची टपरी.
सुपारी कातरता कातरता ते म्हणाले,
"चौदाची उधारी? अन् फेडीन कोन?"
मी हसले.
मग बसमध्ये आमोद्यापर्यंत
तेच डोक्यात.

मिलमध्ये हुसेन तडवी.
सगळे त्यांना चाचा म्हणतात,
वयानं मोठे असलेले मालकसुद्धा.
पहिल्या दिवशी शिकवलं काहीच नाही,
हातभर लांब पेचकस दिला.
"टोक बेरिंगवर टेकव. मूठ कानाले लाव.
अन् गप ऱ्हाय."

घर्रर्र.
"काय ऐकू आलं?"
"आवाज."
"कितीक जनं बोलून ऱ्हायले?"

तीन आठवडे मला एकच जण ऐकू येत होता.
मेचा महिना, पत्र्याखाली तव्यासारखी दुपार,
कळण्याची भाकरी डब्यातच कडक झालेली,
आणि चाचा दर तासाला विचारणार:
कितीक जनं?

मग एका शनिवारी
एलेव्हेटरच्या वरच्या बेअरिंगमध्ये
एक गोळी ऐकू आली,
कोणी दात नसलेलं चणा चघळतंय तशी.
तिच्यामागे पट्टा, सैल, चापट्या मारणारा.
आणि त्याच्याही मागे शाफ्ट,
किंचित तिरका,
घरातल्या न बोलणाऱ्या माणसासारखा.
"तीन," मी म्हटलं.
चाचांनी मिल बंद केली आणि पाना आणायला गेले.
शाबासकी एवढीच.

सोमवारी नेहेते मॅडमनी फळ्यावर
कंपनाचा आलेख काढला. लाट, शिखर, वारंवारता.
मी हात वर केला,
मॅडम, ते दुसरं शिखर आहे ना, ते चघळणारं.
वर्ग खो-खो हसला.
मॅडम खडू धरून तशाच उभ्या राहिल्या,
मग म्हणाल्या, "कोणी सांगितलं तुला?"

सत्र संपताना लॉगबुक.
मार्गदर्शकाचं नाव. सही. शैक्षणिक पात्रता.
चाचांनी नाव लिहिलं
पुली शाफ्टवर चढवतात तसं,
एकेक अक्षर ठोकून, सरळ आहे का बघून.
पात्रतेपाशी पेन थांबला.
"चौथी, आश्रमशाळा. लिहू?"
मी बोलले नाही. बोलायला हवं होतं.
त्यांनी रकाना मोकळा सोडला.
अंगठ्याचं ग्रीस लागलं तिथे,
पुसायला गेले तर आणखी पसरलं.

लॉगबुक परत आलं. लाल शेरा:
रकाना अपूर्ण. पात्र व्यक्तीची सही घ्यावी.
मॅडम म्हणाल्या, मी बोलून पाहिलं गं,
फॉर्म वरून येतो.

मिलमध्ये पात्र व्यक्ती एकच,
नाशिकहून दर दुसऱ्या गुरुवारी येणारे इंजिनिअर.
माणूस वाईट नाही.
चहा विचारला, नवीन पानावर लगेच सही दिली,
आणि टोपण लावताना म्हणाले,
"तू कोणत्या सेक्शनला असतेस?"

जुनं पान मी फाडलं,
पण फेकलं नाही.
संध्याकाळच्या बसमध्ये, तापीच्या पुलावर,
सहज खिडकीशी धरलं.
ग्रीस मुरून कागद तिथे पातळ झालेला.
सगळं पान पांढरं, आंधळं,
फक्त त्या रकान्यातून
पाणी दिसत होतं.

चौदाही क्रेडिट जमा झाले. मार्कशीट बाबांना दाखवली.
त्यांनी चुन्याची बोटं पुसून
ती दोन्ही हातांनी धरली, उलटी करून मागचीही बाजू पाहिली.
"फिटली का वं मंग?"

मी म्हटलं, झोपते आता.
उद्या बुधवार,
सव्वासहाची बस आहे.