फाटकाजवळचा ढीग

रात्री तीनला मी गाडी काढतो. पुढे लोखंडी फाळ,
मागे वाळूची टाकी. इसाल्मीतल्या बावीस गल्ल्या
सहाच्या आत मोकळ्या करायच्या, म्हणजे
लोक आपापल्या पायांनी कामाला जातील.
आपापल्या पायांनी. हे शब्द हल्ली
तोंडातून निघताना अडखळतात.

ओइवा सत्तावीस महिन्यांचा.
त्याचा अंगठा वळून मनगटाला टेकतो,
गुडघे भलत्याच बाजूला वाकतात,
आणि उचलायला काखेत हात घातले
की ओल्या साबणासारखा निसटतो:
खांदे कानांशी येतात, बाकीचा खालीच राहतो.

माझी आई म्हणाली, आळशी आहे. तुझ्यावर गेलाय.
दवाखान्यात म्हणाले, सांधे फार सैल आहेत,
स्नायूंना दुप्पट काम पडतं,
नुसतं बसून राहायलाही.
तेव्हापासून तो बसलेला असला
की मी पाय न वाजवता जातो,
कुणी कामात असताना जावं तसा.

मंगळवारी राइली येते, जमिनीवरच बसते.
तिचं सांगणं फ्रिजवर लावलंय, सेन्याच्या अक्षरात:
हात धरून ओढायचं नाही.
पाय मागे दुमडून बसला तर हळूच पुढे आणायचे, रागवायचं नाही.
खेळणी सोफ्यावर, छातीच्या उंचीला.
घोट्याच्या वर येणारे बूट, घरातसुद्धा.
दमायच्या आधी थांबायचं.

ही शेवटची ओळ मला जड जाते.
एकदा फाळ खाली टेकवला
की रस्ता संपेपर्यंत मी तो उचलत नाही.
जानेवारीत सोफ्याला धरून उभा होता तो,
चार मोजले. मी म्हटलं, अजून एक.
अजून एक.
त्या रात्री पोटऱ्या धरून दोन तास रडला.
तेल चोळत बसलो, तसाच कामावर गेलो,
आणि रेल्वेफाटकापर्यंत
स्टिअरिंग हातातून घसरत होतं.

मग फेब्रुवारीतला एक रविवार.
त्यूने, वय वर्षं सहा,
भावाला घसरगाडीत घालून अंगणात घेऊन गेली.
फाटकाजवळ मी लोटलेला ढीग होता.
त्यात तिने फावड्याने खड्डा केला,
त्याला उभा रोवला
आणि चारी बाजूंनी बर्फ भरला, कमरेपर्यंत,
थापून थापून, केकच्या भांड्यात पीठ दाबावं तसा.
मी खिडकीतून ओरडणार होतो.
सेन्याने माझी बाही धरली.

तो उभा होता.
कुणी धरलेला नव्हता. दोन्ही हात मोकळे,
आणि मोकळ्या हातांचं करायचं काय
ते त्याला कळेना.
आधी टाळी वाजवली.
मग हातमोजा काढून भिरकावला.
मग बर्फ खाल्ला.
त्यूने मोजत होती, पण अकराच्या पुढे
तिचे आकडे हवे तशा उड्या मारतात,
म्हणून किती वेळ, ते नक्की सांगता येत नाही.

उकरून काढला तेव्हा
घडीच्या खुर्चीसारखा मिटला,
आणि मिटल्या मिटल्या ढिगाकडे बोट दाखवलं.

राइलीला वाटलं तर हसू येईल असं आम्ही सांगितलं.
ती हसली नाही. किती घट्ट भरला होता, विचारलं.
गुडघे सरळ होते की मागे गेलेले?
वहीत एक शब्द लिहिला: बर्फ.
पुढे लिहिलं: थंडी वाजायच्या आधी थांबणे.

आता शेवटच्या फेरीत मी एक फाळभर,
चांगला, कोरडा, वाळूचा कण नसलेला,
आमच्या फाटकाशी आणून टाकतो.
शेजारच्या हुत्तुनेनबाईंनी नगरपालिकेला कळवलंय
की रस्ता अरुंद होतोय.
लेखी कारण मागितलंय माझ्याकडे.
एप्रिलपर्यंत मुदत आहे.
तोवर वितळलेलंच असेल सगळं.