डावा खांदा

पहाटे तीनला उठणाऱ्या बाईच्या सोयीची जिम
कुताइसीत सहजी सापडत नाही.

बावीस वर्षं मी भट्टीत वाकतेय.
रांजणासारखी खोल भट्टी, मातीची;
कमरेपर्यंत आत जायचं, डोकं खाली,
उजव्या हाताने कणकेची लांब जीभ
तापल्या भिंतीवर थापायची
आणि भुवया जळायच्या आत वर यायचं.
पिठाची पोती, तीही उजव्याच खांद्यावर.
डावा नुसता सोबतीला.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरला, म्हणाल्या,
"लमारा, तुझ्यात दोन बायका राहतात.
धाकटीलाही जरा खायला घाल."

पुलाजवळची जिम काचेची.
बाहेरून घाम दिसावा अशी सोय.
काउंटरवरच्या पोराने अर्ज पुढे केला :
ध्येय काय? चार चौकोन.
वजन घटवणे, बांधा, लग्नाची तयारी, तंदुरुस्ती.
मी चारही सोडून खाली लिहिलं : खांदा.
त्याने माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं
आणि स्वतःच्या हाताने पहिल्या चौकोनात खूण केली.

बाजारामागची दुसरी.
तिथे गाणी इतकी मोठ्याने
की मला माझाच श्वास ऐकू येईना,
आणि मी तर श्वासावर मोजते.
थापताना रोखायचा, वर येताना सोडायचा.
शिकवणारा ओरडत होता, "अजून दहा! अजून दहा!"
अरे बाबा, मी दिवसाला सहाशे पाव काढते,
मला आकडा नको, मला सावकाश हवंय.

तिसरी औषधाच्या दुकानावर, फक्त बायकांची.
स्वच्छ. पडदे. बोलायला गोड माणसं.
पण सगळ्यात जड डंबेल चार किलोचं, गुलाबी.
माझी मांजर साडेचारची आहे.

मग मी नाद सोडला. पंधरा दिवस.
गिरणीवरून पीठ आणणारा मालखाज
एका सकाळी पोतं उतरवता उतरवता म्हणाला,
"शाळेच्या तळघरात गुराम शिकवतो.
पाटी नाही. वास येईल तिकडे जा."

वास आला तो गंजाचा, ओलीचा,
आणि कशाचा तरी कोरडा, पांढरा.
दुपारचे दोन. आत तीन माणसं.
एक शाळकरी मुलगी, वेणी तोंडात धरून,
स्वतःच्या दुप्पट वजन डोक्यावर नेत होती.
कुणी टाळी वाजवली नाही.
तिने ते खाली ठेवलं, सफरचंद खाल्लं.

गुरामने ध्येय विचारलं नाही.
"हात दाखव," म्हणाला.
दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघितले,
जशी मी कणीक बघते.
"उजवी चोर आहे," म्हणाला,
"सगळं काम स्वतः करते आणि श्रेय घेते."
मग कोपऱ्यातल्या डब्याकडे बोट केलं.

डब्यात खडूची भुकटी.
मी हात घातले, बाहेर काढले
आणि हसूच आलं.
बावीस वर्षं कामावरून सुटले
की मी हेच तर धुऊन घरी जाते.

बारवर वजन काही नाही, नुसती दांडी.
उचलली. डावीकडे कलली.
"पुन्हा."
कलली.
"पुन्हा. घाई कुणाला आहे?"

तक्रारी आहेतच, लपवत नाही.
छत एका जागी गळतं, तिथे बादली आहे,
आणि बादलीला वळसा घालूनच बैठका माराव्या लागतात.
बायकांना कपडे बदलायला जुन्या फळ्याचा आडोसा;
त्याच्या मागच्या अंगाला कुणाची तरी भागाकाराची गणितं,
शेवटचं चुकलेलं.
संडासाची किल्ली चांभाराकडे, आणि चांभार जेवायला गेला
की मग आपलं नशीब.
पैसे महिन्याचे, पण गुराम पावाच्या बोलीवर अर्धे करतो.
नियम एकच : जे जिथून घेतलं ते तिथे ठेवा.

आज अकरावा दिवस.
वेणीवाली मुलगी, तिचं नाव त्सिउरी,
जाता जाता थांबली, मान तिरकी करून
माझ्या दांडीकडे पाहत राहिली.
"काकू, कालच्यापेक्षा कमी," म्हणाली.

सरळ झाली असं ती म्हणाली नाही.
मी दांडी जागेवर ठेवली.
घरी जाताना पिशवी
डाव्या हातात घेतली,
दोन चौकांनंतर विसरले, उजव्यात गेली,
पुन्हा आठवलं.